गिअरबॉक्सखालचं रबर

पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना
खालून ठक् असा आवाज यायचा,
जिन्यात कुणी भरलेली बादली टेकवावी तसा.
क्लच सोडला की गिअरचा दांडा
आपला आपणच इंचभर मागे सरकायचा.
अच्युत म्हणाला, माउंट गेलं.
मी म्हटलं, एकतीस वर्षं झाली, जाणारच.

धनकवडीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये
पाण्याच्या मीटरशेजारी ती उभी असते :
दोन दारं, दोन सीटा,
नाक जमिनीपासून चार बोटं वर.
सेक्रेटरी लोणकर तिला अजून 'ते वाहन' म्हणतात
आणि तेलाच्या डागाचा विषय
दर मीटिंगला चहाच्या आधी घेतात.

मी पाठीवर. खाली कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स,
सगळे शुभेच्छुक माझ्या खांद्यांखाली.
गिअरबॉक्सला जॅक, जॅकवर
एक पाय तुटलेला पोळपाट.
अच्युत स्टुलावर, बॅटरी धरून.
उजेड नटावर यायचा, उडायचा,
सायलेन्सरवर, माझ्या कपाळावर, परत नटावर.
मी काही बोलले नाही.
येईल तेवढ्यात पाना बसवायचा, हे आता जमतं.
आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलेलं, तरी
सतराचा नट आधी किंचाळला, मग हलला.

निघालेलं रबर हातात घेतलं.
मधोमध चीर, कडा तेलाने फुगलेल्या,
नखाने खरवडलं तर काळी पूड.
दोन लोखंडांच्या मध्ये बसून
सगळे हादरे यानेच खाल्ले,
आणि आम्ही कौतुक केलं ते इंजिनाचं,
फार तर टायरचं.

नवं मिळत नाही. नाना पेठेत शफीभाई
शटर अर्धं ओढता ओढता म्हणाले,
"ताई, पार्टचं विचारू नका, गाडी कशीय तेवढं सांगा."
मग भोसरी. जिथे मी सव्वीस वर्षं
गेज लावून लोकांचे पार्ट परत पाठवले
त्याच गल्लीत गुंजाळ पॉलियुरेथेन ओततो.
किती कडक देऊ?
ऐंशी, म्हटलं.
"बसेल घट्ट, मॅडम. पण मग सगळं वर येईल."
येऊ दे.

संत्र्याच्या गोळीच्या रंगाचं निघालं.
टॉर्क पाना 'कट' म्हणाला, माझा आवडता शब्द.
हात मळलेच होते, तेलही बदललं.
आधी भरायचं बूच उघडायचं, मगच सोडायचं,
नाहीतर रिकामी पेटी घेऊन बसाल.
हे अच्युतनेच शिकवलेलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.
तेव्हा पाना त्याच्या हातात होता
आणि बॅटरी माझ्या.
भोकात करंगळी घालून पाहिली. तेल टेकलं.

रविवारी सहाला बोपदेव घाट.
गिअर पडला की पडला, दांडा जागचा हलेना.
पण गुंजाळचं खरं होतं.
आरसा थरथरत होता, त्यात मागचा कोंढवा दोन-दोन,
डॅशबोर्डातला कुठलासा स्क्रू,
दाराच्या खिशातली चिल्लर, माझे दात.
मी मनात हिशेब मांडत होते :
काढून तीन भोकं पाडू, सहा मिलिमीटरची,
जरा मऊ पडेल.

तिसऱ्या वळणावर अच्युतने
मांडीखाली दाबलेला हात
(चारचौघांत तो तिथेच असतो)
बाहेर काढला आणि दारावर ठेवला.
हात हलत होता. दार हलत होतं.
कोण कुणामुळे, ते
भोसरीच्या कुठल्याच गेजला सांगता आलं नसतं.

वर टपरीपाशी थांबलो.
"भोकं पाडणारेस ना?" त्याने विचारलं.
बघू, म्हटलं.
इंजिन चालूच ठेवून उतरले,
दोन चहा सांगितले,
एक अर्धाच भरा म्हणून.