ऐन

सातपूरच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं
मी केसाचा दहावा हिस्सा मोजत आलो.
गिरणाऱ्याला लाकडी सांगाड्याचं घर बांधायचं ठरलं तेव्हा
लाकूडही ड्रॉइंगबरहुकूम मिळेल असं धरून चाललो.

द्वारकेजवळच्या वखारीत
आफ्रिकेचा साग रचला होता, सरळ, बिनगाठीचा,
प्रत्येक ओंडका शेजारच्याचा जुळा.
शेठ म्हणाला, बोटीनं येतो, परवा दारात उतरवतो.
लहानू भोयेनं त्यावर बोटाचं पेर वाजवलं,
कान लावला,
आणि चहा मागवला.
नाही म्हणायची त्याची ती रीत.

दुसऱ्या दिवशी मला हरसूलच्या डेपोत नेलं.
मगरीच्या पाठीसारखी साल,
बुडख्यावर फॉरेस्टच्या हातोड्याचा छाप.
"ऐन आहे. ऐन वेळेला उभा राहतो म्हणून ऐन,"
म्हणाला, आणि स्वतःच हसला.
मग दोष सांगितले,
स्थळ दाखवताना मध्यस्थ कधी सांगत नाही तसे :
जड आहे. नुसता खिळा मारला तर फाटतो.
रंध्याचं पातं खातो.
शिवाय दोन उन्हाळे सावलीत निजवावा लागतो.

दोन उन्हाळे! शैला म्हणाली,
तोवर भाड्याच्या खोलीत आपणच आडवे होऊ.
तरी थांबलो.
थराथरात चिपा घातल्या, टोकांना मेण फासलं.
दर रविवारी मी त्याला बघून यायचो,
दवाखान्यातल्या माणसाला बघतात तसा.

मग एका मार्चात
खांब दगडी तळखड्यांवर चढले,
कुसू खाचेत बसलं, वरून बाभळीची मेख.
अख्ख्या सांगाड्यात एक खिळा नाही.

चौथ्या रात्री तुळईतून बार उडाल्यासारखा आवाज.
बॅटरी घेऊन शिडी चढलो : हातभर लांब फट.
पहाटेच फीलर गेज सरकवून आकडा लिहिला,
लहानूला फोन लावला, आवाज चढवून.
तो आला. आकड्याचा कागद पाहिलाच नाही.
फटीत दोन रुपयांचं नाणं खोचलं.
"हे आपसूक खाली पडेल
त्या दिवशी मला बोलवा."

सहा वर्षं झाली.
श्रावणात तुळई नाणं गच्च आवळते,
वैशाखात जरा ढिलं सोडते.
गेज कुठल्या खणात आहे, आठवत नाही.
जेवताना मात्र एकदा वर बघतो.
शैला विचारते, काय शोधताय?
मी म्हणतो, दोन रुपये.