सतरा नंबरची पिशवी

रविवारी नऊला लॅब उघडायची.
कमवा आणि शिका, तासाला पंचावन्न रुपये.
त्यात शिकणं किती, ते गायधनी मॅडमना विचारा.

आधी अंगठ्या काढा.
सोनं, पितळ, काहीच चालत नाही,
खडकात उतरलं तर आकडे खोटं बोलतात.
ललिता कापडणीसचा साखरपुडा नुकताच झालेला.
तिनं अंगठी काचेच्या बशीत ठेवली
आणि इरफाननं गंमत म्हणून चिठ्ठी लावली:
नमुना क्र. ०. ठिकाण, सटाणा. अवस्था, ताजी, न झिजलेली.

अंजनेरीच्या पायथ्याचा काळा दगड
इतका आडमुठा की आधी घणानंच फोडायचा.
मग यंत्राचा जबडा त्याला दाढेखाली घेतो
आणि भूगोलवाल्यांच्या खिडक्याही थरथरतात.
मग चाळण्या, एकीखाली एक. मग पीठ.
पिठाचा ढीग करायचा, त्याचे चार भाग,
समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे.
पुन्हा ढीग, पुन्हा चार,
डोंगर चमचाभर उरेपर्यंत.

दारणेची वाळू मात्र धुवायची
नळाच्या पाण्यानं, म्हणजे गंगापूर धरणाच्या.
पुढं खाली कुठंतरी भेटायच्याच होत्या दोघी,
आम्ही बेसिनमध्येच गाठ घालून दिली.

सतराव्या पिशवीतल्या चिठ्ठीचा लगदा झालेला.
कुणी म्हणालं सिन्नर,
कुणी म्हणालं पांडवलेण्यांमागची टेकडी.
वनिता धोत्रेनं दगड तळहातावर घेतला,
हातोडीच्या दांड्यानं एक टिचकी,
आणि कान.
"बोलका आहे. पाट्याचा दगड.
मोहदरीच्या अलीकडची खाण."
कशावरून गं?
"आई असाच वाजवून घेते, टाकी लावायच्या आधी.
बद्द वाजला तर काम घेत नाही. तो फुटतो,
आणि बाई मग आईलाच बोल लावते."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
थोडा वेळ नुसती चाळण्यांची खरखर.
मग म्हणाल्या, आवाजाला रकाना नाहीये आपल्या तक्त्यात.
सतरा बाद.
पण समासात त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं,
अगदी फिकट, कोपरानं झाकून.

"मी नेऊ?" वनितानं विचारलं
आणि सव्वा किलो सॅकमध्ये टाकून
आमच्याबरोबर मिसळ खायला आली.
तर्री मागताना सगळ्यांची नखं काळी.
नाक शिंकरलं की दोन दिवस
रुमालावर अंजनेरी.

मार्चमध्ये अहवाल आला. शेवटच्या पानावर
"नमुने तयार करण्यास विद्यार्थ्यांनी साहाय्य केले."
सहाजण होतो आम्ही.
ढीग, चार भाग, दोन ठेवा, दोन टाका,
तेवढ्या ओळीत बरोब्बर मावलो.

आणि हो, ती अंगठी.
मंगळवारी प्रॅक्टिकलला गेलो तर बशीतच होती.
ललिता समोरच्याच टेबलावर वजनं घेत होती,
दशांशानंतर चार आकडे, हात न थरथरता.
चिठ्ठीवर "ताजी"च्या पुढं
पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह.
अक्षर असतं तर ओळखलं असतं.