मोडशिंग्या

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चौदा कॅमेरे मिळाले,
प्रत्येकाला कुलूप, प्रत्येकाला नंबर.
ऋजुता मॅडम म्हणाल्या, चिंतूदादा,
सगळी जनावरं हवीत आपल्याला, एकाच्या मागे लागू नका.
मी हो म्हणालो.
तोवर माझं एक ठरून गेलं होतं.

सर्वपित्रीच्या संध्याकाळी, तुळशीच्या वरच्या अंगाला,
चिखलात लोळून उठलेला सांबर.
मान काळी, लडबडलेली,
डाव्या शिंगाचं पुढचं टोक मोडलेलं.
माझ्या पायाखाली एक काटकी वाजली.
मग नुसता चिखल, आणि त्यात हळूहळू
पाणी भरत चाललेले चार खूर.

माझा बाप, जान्या वरठा, असता तर थुंकला असता.
तुला दिसला ना? म्हणजे त्याच्या आधी
तू त्याला दिसलास.
बापाची ठासणीची बंदूक सरकारजमा झाली
मी चौथीत होतो तेव्हा.
राहिलं ते एवढंच:
वाऱ्याचं तोंड बघून बस,
खोकला आला तर गिळ,
अंगाला साबणाचा वास नको.
मी साबण सोडला.
बायकोनं माझी गोधडी ओट्यावर टाकली.

कार्तिकात चार नंबरमध्ये मागचा एक पाय.
मार्गशीर्षात अकरा नंबरमध्ये कान, आणि नाकाची वाफ.
पौषात कंबर दिसली, तिच्या पलीकडे
मुलुंडच्या टॉवरचे दिवे.
बाकी बिबट्या, साळिंदर, मुंगसं,
आणि मालाडकडून भिंत चढून आलेली चार पोरं,
बाटली वर धरून कॅमेऱ्याला हसणारी.

एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नाही.
सोमवारी उद्यान बंद असतं, गाड्या नसतात.
तेवढ्याच दिवशी तो डांबरी रस्ता ओलांडायचा.
त्याला वार कळायचा.

माघात सात सोमवार... नाही, चारच होते,
मला सात वाटले.
ऐनाच्या बेचक्यात बसायचो,
मॅडमचा मोठा कॅमेरा गळ्यात,
मुंग्या मांडीपर्यंत, खऱ्याही आणि पायातल्याही.
खाली सागाचा पाचोळा, पापडासारखा;
उंदीर चालला तरी बातमी लागावी.
शेवटच्या सोमवारी तो त्यावरून आला
आणि काही वाजलं नाही.

पंधरा पावलं.
काटेसावरीची पडलेली फुलं वेचत होता,
एक चावायचा, थांबायचा, ऐकायचा.
मोडकं टोक, कानावरच्या गोचिड्या,
गळ्याखालचा उघडा लालसर डाग,
सगळं दिसत होतं.
मी एक डोळा मिटला.
श्वास अर्धा सोडला, अर्धा ठेवला.
बटण दाबलं.

फोटो सुरेख आला, म्हणाल्या मॅडम,
केस न केस मोजता येतो.
पण दादा, डोकं कुठंय? शिंगं कुठंयत?
हा नुसता खांदा आहे.
खांदा नव्हे. पुढच्या पायामागची चार बोटं जागा.
बापानं माझं बोट धरून
मेलेल्या भेकरावर दाखवली होती ती.
मी म्हणालो, हात हलला.

होळी झाली. शिंगं गळायचे दिवस.
मी पाचोळा उकरत हिंडलो,
कॅमेऱ्यांचे सेल बदलायच्या निमित्तानं.
मिळालं ते उजवं शिंग. अख्खं, तिन्ही टोकं शाबूत.
त्याचंच असेल. कुणाचंही असेल.
डावं कुठं पडलं ते उंदरांना ठाऊक,
ते कुरतडून खातात.

ऑफिसात दळवी साहेबांनी वजन केलं,
पेन उचलून विचारलं, कुठं सापडलं?
मी कान्हेरीकडचा नाला सांगितला.
साहेबांनी तसं लिहिलं,
मी खाली अंगठा नाही, सही केली.

पुढल्या दसऱ्याला नवी शिंगं येतील,
मोडलेलं टोक भरून.
चिखलात उभा राहिला तरी
मला वाटेल, दुसराच कोणी.

बायकोनं मोरीत लाल साबणाची नवी वडी ठेवलीय.
अजून कागद काढलेला नाही.