चालेल

खानापुरात आमची कौलांची सोसायटी.
सभासद एकवीस, भट्टी एक, किल्ली एक.
किल्ली कुणाच्या कमरेला, एवढीच निवडणूक.

मोजणी माझ्याकडे,
कारण मला दोन्ही लिप्या येतात
आणि तिघांशीही माझं फारसं बरं नाही.

सोमवारी नंबर लावले.
ओल्या मातीच्या चकतीवर नाव, नावापुढं काडीनं रेघा:
पहिल्या पसंतीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन.
ईराप्पा नऊ. यल्लोजी आठ.
नीलव्वा चार, म्हणून बाद.
तिच्या चकत्या पुन्हा वाटल्या,
तीन इकडं, एक तिकडं.
अकरा-दहा. यल्लोजी.

नीलव्वा राख चाळत होती. वर न बघता म्हणाली,
"माझ्या चार उलटून बघितल्यासा.
त्यांच्या सतरांवर दोन रेघा कुणाच्या, ते कोण बघालंय?"

रात्री कंदिलाजवळ बसून मी बघितलं.
चौदांवर तिच्या.
नियमात त्या मोजायच्याच नव्हत्या.

मंगळवारी ईराप्पा म्हणाला, नंबर नको.
तीन मडकी ठेवा. जो चालेल त्याच्यात गोळी,
दोघं चालत असले तर दोघांत.

माझी पाळी आली.
पहिल्या मडक्यात टाकली, टप्प वाजली.
दुसऱ्यावर हात थांबला.
रेघांचं एक बरं होतं,
दुसरी रेघ पहिलीला खात नव्हती.
इथं माझा जीव आणि माझं 'बरं, असू दे'
एकाच वजनाचे, एकाच भांड्यात न दिसणारे.

एकवीस माणसांच्या बत्तीस गोळ्या.
नीलव्वा तेरा, ईराप्पा दहा, यल्लोजी नऊ.
म्हणजे चौदांतले पाच हात थांबले.
कुणाचे, विचारू नका.

आम्ही म्हणतो चालेल.
ईराप्पाच्या घरात म्हणतात नडीतैति.
दोन्हींत काहीतरी पायांनी चालतं,
धावत नाही, मिरवत नाही,
पण संध्याकाळी घरी पोचतं.

आता दोन निकाल, आणि सभा परत शुक्रवारी:
कुठली पद्धत खरी, त्यावर मतदान.
ते कुठल्या पद्धतीनं, असं मारुतीच्या थोरल्यानं विचारलं
तेव्हा यल्लोजीसुद्धा हसला.

चकत्या कुणीतरी चुकून भट्टीत लावल्या,
रेघा पक्क्या झाल्या, आता खोडता येत नाहीत.
गोळ्या मात्र पाण्यात टाकल्या, मळल्या,
त्यांची दोन-तीन कौलं निघाली असतील,
कुणाच्या तरी छपरावर जातील.

भट्टी आज मीच उघडली.