पँट आखूड करायची आहे

ती तिसऱ्यांदा तीच पँट घेऊन आली.
पहिल्यांदा म्हणाली, दोन बोटं आखूड करा.
मग म्हणाली, एक बोट परत सोडा.
आज नुसतीच काउंटरवर ठेवली
आणि मागच्या खोलीच्या पडद्याकडे पाहत राहिली.
अंगाला मासळीबाजाराचा वास, नखांत खवले.
मी काही विचारलं नाही.
गुन्सान बंदरात चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवतेय,
कापड कुठे ओढलं गेलंय
ते मला उलट्या बाजूनंही दिसतं.

गुरुवार होता. पडद्यामागे
जमीन तापवलेली, पातेल्यात
समुद्रशेवाळाचं सूप.
आमच्याकडे बाळंतिणीला हेच देतात.
मग दर वाढदिवसाला मूल ते पितं,
आईनं काय सोसलं त्याची आठवण म्हणून.
आमची मुलं पीत नाहीत.
डेन्मार्कात, बेल्जियममध्ये, मिनेसोटात
मेणबत्त्या फुंकतात.
त्यांच्या वाटचं आम्ही पितो.

इथे बाईला तिच्या नावानं हाक मारत नाहीत,
अमक्याची आई, तमक्याची आई.
आमची पंचाईत तिथेच.
ओक्-बुनला गल्ली म्हणते तिसऱ्या मजल्यावरची.
या खोलीत ती सू-गिलची आई.
अकरा दिवस होतं ते नाव,
तिनंच ठेवलेलं, तिनंच हाक मारलेलं.
माल-सुनला नाव ठेवू दिलं नाही.
फक्त वार आठवतो तिला.
म्हणून ती मंगळवारची आई.
एजन्सीच्या कागदावरचा आकडा
तिनं बँकेच्या कार्डाचा पिन करून ठेवलाय.
पैसे काढताना, म्हणते,
चार बटणं दाबली की तेवढीच हाक मारल्यासारखं वाटतं.

'चांगल्या घरी पडलं असेल'
हे वाक्य मात्र बाहेर, चपलांजवळ काढून यायचं.
आम्हाला ते खूप जणांनी घातलंय,
आणि ते कुणाच्याच मापाचं नाही.

सू-गिल आला होता, दोन वर्षांपूर्वी.
एक्केचाळीस वर्षांचा, दाढीवाला, घाबरलेला.
दुभाषी मुलगी फोन घ्यायला बाहेर गेली
आणि ही दोघं माझ्या दुकानात, स्टुलांवर,
एका भाषेविना.
मी टेप काढून दिली ओक्-बुनच्या हातात.
तिनं त्याचे खांदे मोजले.
मग दंड. मग मनगट. मग पुन्हा खांदे.
तो लहान मुलासारखा हात पसरून उभा राहिला.
साडेअठरा, ती म्हणाली, साडेअठरा,
जणू कुणी तिला परीक्षेचा निकाल विचारला होता.
आता वर्षाला एक पत्र येतं. कधी येत नाही.
पत्र न आलेल्या महिन्यात
आम्ही तिला मुळे किसायला लावतो, पोतंभर.

माझं? माझी मुलगी तेवीस दिवसांची होती.
आई म्हणाली, ही गोष्ट पोटातच ठेव.
मूल नाही ठेवता आलं, गोष्ट ठेवली.
छाती फडक्यानं आवळून बांधली होती
तरी शेजारचं पोर रडलं की पान्हा फुटायचा.
फडक्याला काय कळतं.

तर ती मासळीवाली.
पडदा मी बाजूला केला नाही,
जरा सैल सोडला एवढंच.
वाफ बाहेर आली.
तिनं विचारलं, आज वाढदिवस कुणाचा?
मी म्हटलं, कुणाचा ना कुणाचा असतोच.
बराच वेळ ती बुटाची चेन
वर-खाली करत राहिली.
मग बूट काढले. डावा आधी.
ओक्-बुन सरकली. माल-सुननं वाडगा भरला,
काही न विचारता, काठोकाठ.

ती प्यायली. तोंड पुसलं.
दुसरा वाडगा प्यायली.
नाव सांगितलं नाही, ना तिचं, ना कुणाचं.
जाताना काउंटरपाशी थांबली.
पँट कधी होईल, म्हणाली.

गुरुवारी, मी म्हटलं.
त्या पँटला काही करायचं नव्हतं.
घडी घालून फळीवर ठेवली,
वर खडूनं वार लिहिला.