कल्हई

इझिलीत बाकीझिओचं तांबटाचं दुकान, तीन पिढ्यांचं.
हातोडीचा नेम त्याचा कधी चुकला नाही.
पोराचा चुकू लागला.
आधी सही थरथरली, मग पेला.

कालियारीच्या डॉक्टरीणबाईंनी
उजेडाची चीर डोळ्यात धरली:
बुबुळाच्या काठाला हिरवट-तपकिरी कडं.
“तांबं. पेशीला कणभर लागतंच.
याचं यकृत उरलेलं बाहेर टाकत नाही.”

दिवसभराची लघवी कॅनमध्ये,
फ्रीजमध्ये, चीजशेजारी.
आकडा आला.

बाकीझिओ आपलेच हात हुंगत राहिला.
“हातांचं काही नाही हो.
एक खोट तुमच्याकडची, एक त्याच्या आईकडची.”

जस्ताची गोळी, उपाशीपोटी, जन्मभर.
त्याला एवढंच उमगलं: कल्हई.
कळकू नये म्हणून, आतून.

धाकटी ग्रात्सिएत्ता दारात उभी.
तिच्या डोळ्यांत
अजून कुणी नीट पाहिलेलं नाही.