लाखेला लावू नये

बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटर.
मेडिकलमधून आयसोप्रोपिल.
पोरगा म्हणाला, पेशंटचं नाव?
म्हटलं, पेशंट नाही रे, रेकॉर्डी पुसायच्यात.
बिलावर नाव तर लागतंच, म्हणाला.
मग वडिलांचं सांगितलं : इराप्पा बसाप्पा मगदूम.
वय?
ऐंशी, म्हटलं.
जे त्यांचं कधी झालंच नाही.

दोन खोकी. वर पिवळ्या रंगात, त्यांच्याच अक्षरात
'मगदूम साऊंड सर्व्हिस, मिरज',
त्यातला 'स' नेहमीसारखा पाठ वाकवून बसलेला.
रेघांमध्ये मांडवातली माती,
उदबत्तीची राख,
आरगेच्या एका लग्नातल्या अक्षता, की नुसता कोंडा,
आणि हळद.
हळद सगळ्यात जास्त.
कुणीतरी पिवळ्या हातानं यायचंच,
"ही नको ओ, ती दुसरी लावा" म्हणत
रेकॉर्ड स्वतःच उचलायचं.
अनोळखी माणसांचे अंगठे
आमच्या घरात इतकी वर्षं मुक्कामाला.

आधी धुण्याचा साबण लावून बघितला.
ठसा लालभडक झाला.
एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये
पोरांना हेच दाखवत आले,
हळद, तीत खार, बघा लाल,
तरी दचकले.
जणू त्या बाईनं आत्ताच कपाळाला हात लावला.

रिठ्यानं फेस केला आणि फेसच मागे ठेवला.
शेजारचे म्हणाले, रॉकेल.
भाचा म्हणाला, मावशी, भांड्याचं लिक्विड, तीन थेंब, जास्त नको.
वडील काय लावायचे?
शर्टाची बाही.
त्याआधी तोंडाची वाफ, हाऽऽ करून,
चष्म्याला करतात तशी.

शेवटी माझं माप ठरलं :
पाणी चार, स्पिरिट एक, थेंब तीन.
मखमलीचा तुकडा, रेघेच्या दिशेनं, गोल,
आडवा कधीच नाही.
कापडावर पिवळं उतरत गेलं.
अठरा झाल्या, चाळीस झाल्या,
पाठ दुखायला लागली, तरी आवडत होतं.

खोक्याच्या तळाशी एक जाड निघाली.
जड. काठाला टवका गेलेली.
तिला लावलं तेच, आणि कापूस काळा झाला.
मळ असेल म्हणून अजून लावलं.
अजून काळा.

तेवढ्यात मुश्ताकभाई चहाला आले.
सतारी घडवणारे, नखांत कायम पॉलिश.
वाटी हुंगली, तबकडी हुंगली, आणि ओरडलेच,
"अगं थांब, लाख आहे ही!
लाख आणि स्पिरिट, आम्ही पॉलिश दुसरं कशाचं करतो?
भोपळ्यावर हात फिरवायचं काम ते,
तू गाण्यावर फिरवायला लागलीस."
मग बशीत चहा ओतून, हळूच,
"अजून अर्धा तास चोळली असतीस
तर इराप्पांची एक सतार चकचकीत झाली असती."

मी हसले. रडले नाही, खरंच.
फक्त हात धुतले, दोनदा.
रसायनशास्त्र मला येत होतं.
ती कशाची आहे, हे विचारायचं राहिलं होतं.

तिला मग नुसतं पाणी, गार, आणि लगेच कोरडं.
काठाजवळ दोन बोटं जागा गुळगुळीत झालीय,
तिथून सुई घसरते आणि मधूनच सुरू होते.

बाकीच्यांतली एक लावली रात्री.
बॅंडची, वरात निघताना वाजवायचे ती.
लहानपणी वाटायचं, याहून भारी जगात काही नाही.
आता स्वच्छ ऐकू आलं :
क्लॅरिनेट बेसूर आहे.
थोडं नाही, चांगलंच.
तिसऱ्या ओळीला ढोलकीवाला घाई करतो
आणि कुणीतरी खोकतं.
कर्ण्यानं हे सगळं झाकलं होतं,
आणि थोडं हळदीनं.
मुश्ताकभाई डोळे मिटून कान देत होते,
कपाळाला आठी,
पण पाय ताल धरत होता.

उरलेलं बाटलीत भरलं.
चिकटपट्टीवर लिहिलं : चारास एक. थेंब तीन.
खाली, मोठ्या अक्षरात :
लाखेला लावू नये.
त्यात माझाही 'स' वाकडाच येतो, तेव्हा दिसलं.